बंधारा नवा, पाट जुनेच

हृदयाची झडप बदललेल्या रुग्णाच्या घरात कधीकधी एक कोडं पडतं. ऑपरेशनच्या आधी अँजिओग्राफी झालेली असते, ‘नळ्या साफ आहेत’ असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, फाइलमध्ये तसा रिपोर्टही असतो. ऑपरेशन पार पडतं. आणि मग, कधी अतिदक्षता विभागातच, कधी चार महिन्यांनी शेताच्या बांधावर चालताना, तर कधी पंधरा वर्षांनी, हृदयाच्या रक्तपुरवठ्याचाच त्रास निघतो. घरचे चक्रावतात. रोग झडपेचा होता, रक्तवाहिन्या तर चांगल्या होत्या, मग हे मधेच कुठून उपटलं? संशय दोन ठिकाणी जातो: आधीचा रिपोर्ट चुकला असणार, नाहीतर ऑपरेशनमध्ये काहीतरी बिघडवलं असणार. यांपैकी एखादी गोष्ट खरी असूही शकते. पण बऱ्याचदा खरं उत्तर हृदयाच्या रचनेत सापडतं. साफ अँजिओग्राफी हा एका रोगापुरता आणि एका दिवसापुरता दाखला असतो. वाहिनीच्या आत चरबीचा थर साचला आहे का, एवढंच ती सांगते. झडप आणि रक्तवाहिनी एकमेकींना खेटून असल्यामुळे जे घडू शकतं, त्याबद्दल तिला काही सांगता येत नाही. म्हणून अशा रुग्णाची छाती भरून आली तर ‘आधी नॉर्मल होतं’ या वाक्याला फार किंमत देऊ नये. कोणती झडप बदलली, कशी बदलली आणि त्याला किती दिवस झाले, हे आधी विचारावं.

पाट कुठे फुटतो

पांझरेच्या काठाने साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात फड पद्धतीची शेती काही शतकं चालत आली आहे. नदीत आडवा दगडी बंधारा, त्याने अडलेलं पाणी, आणि बंधाऱ्याला लागूनच, वरच्या अंगाला काठातून फुटणारा पाट. हा बंधारा धरणासारखा पाणी साठवत नाही. पाण्याची पातळी पाटाच्या तोंडापर्यंत चढवणं हे त्याचं काम. त्यामुळे बंधाऱ्याला गळती लागली की नदीला पाणी असूनही फड कोरडा पडतो. आणि बंधाऱ्याची डागडुजी करताना दगडमाती पाटाच्या तोंडाशी पडली, तरीही फड कोरडाच. महाधमनीची झडप आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या यांचं नातं असंच आहे.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून सगळ्या शरीराकडे रक्त नेणारी मोठी वाहिनी म्हणजे महाधमनी. तिच्या मुळाशी तीन पाकळ्यांची झडप असते. प्रत्येक पाकळीच्या मागे महाधमनीच्या भिंतीला एक फुगीर खिसा असतो आणि या तीनपैकी दोन खिशांतून डावी आणि उजवी अशा दोन कोरोनरी वाहिन्या निघतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या त्या याच. झडपेच्या बुडापासून त्यांच्या तोंडांची उंची बहुतेकांत एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे बोटाच्या एका पेराहूनही कमी. हृदय आकुंचन पावतं तेव्हा त्याचा स्नायूच आवळलेला असतो, त्यामुळे डाव्या बाजूच्या वाहिन्यांत त्या क्षणी फारसं रक्त शिरत नाही. ते शिरतं हृदय सैलावल्यावर, झडप मिटून तिच्यावर महाधमनीतलं रक्त टेकलेलं असताना. मिटलेली झडप बंधाऱ्याचं काम करते ती तेव्हा.

एवढं लक्षात आलं की ऑपरेशनच्या आधीचंही एक कोडं सुटतं. झडप गळकी असेल तर रक्त परत कप्प्यात उतरतं, सैलावण्याच्या काळातला दाब घसरतो आणि कोरोनरीची तोंडं उघडी असूनही त्यांत रक्त पुरेसं चढत नाही. झडप अरुंद झाली असेल तर कप्प्याला जोर लावून लावून स्नायू जाड होतो, त्याची भूक वाढते आणि साफ वाहिन्याही अपुऱ्या पडतात. दोन्ही प्रकारांत अँजिओग्राफी निर्दोष असताना चालल्यावर छातीत आवळल्यासारखं होतं आणि झडप बदलल्यावर ते बहुधा थांबतं. तेव्हा झडपेचा आणि कोरोनरीचा संबंध ऑपरेशनमुळे जडत नाही. तो आधीपासूनचाच आहे. सर्जनला त्या अरुंद जागेत हत्यारं घेऊन शिरावं लागतं, इतकंच.

मायट्रल झडपेचा शेजार वेगळा आहे, पण दूरचा नाही. ही झडप डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये असते. खानदेशासारख्या भागात कमी वयात झडप बदलावी लागते ती बहुधा हीच. लहानपणी घसा सुजून आलेला संधिवाताचा ताप सांध्यांतून निघून जातो, पण झडपेवर आपली खूण ठेवून जातो. मायट्रल झडपेच्या कड्याच्या मागच्या बाजूने, कप्प्यांमधल्या खाचेतून डाव्या कोरोनरीची एक फांदी वळसा घालून जाते. तिला सर्कमफ्लेक्स म्हणतात. काही जागी कडं आणि ही फांदी यांत अवघ्या काही मिलिमीटरांचं अंतर असतं. दर दहांतल्या साधारण एका माणसात हृदयाच्या खालच्या भिंतीचा पुरवठाही डाव्या बाजूनेच होतो. अशांत ही फांदी मोठी असते आणि कड्याला जास्त चिकटून जाते.

ऑपरेशनच्या टेबलावर

झडप शिवायची तर हृदय थांबवावं लागतं. त्यासाठी पोटॅशियम असलेलं थंड द्रावण कोरोनरीत सोडतात. स्नायू सैल अवस्थेत थांबतो आणि त्याची गरज अगदी खाली येते. इतर ऑपरेशनमध्ये हे द्रावण महाधमनीच्या मुळाशी सुई टोचून देता येतं. पण महाधमनीचीच झडप बदलायची असेल तर महाधमनी उघडी असते, आणि झडप गळकी असेल तर द्रावण कोरोनरीऐवजी कप्प्यात जातं. अशा वेळी मऊ टोकाची छोटी नळी थेट कोरोनरीच्या तोंडात धरून द्रावण द्यावं लागतं. ज्या तोंडाला अँजिओग्राफीत काही दोष नव्हता, तिथे आता नळीचं टोक टेकलेलं असतं आणि द्रावणाचा झोतही तिथेच लागतो. याचा हिशेब पुढे काही महिन्यांनी निघतो.

तातडीचे धोके वेगळे. अरुंद झालेल्या झडपेवर चुन्यासारखे कॅल्शियमचे थर असतात. ते काढताना एखादा कण डाव्या कोरोनरीच्या तोंडात पडू शकतो. नवी झडप थोडी वर बसली किंवा मोठ्या मापाची निघाली तर तिचं कडं तोंडावर येऊ शकतं. हृदय बंद करताना आत राहिलेली हवा बहुधा उजव्या कोरोनरीत जाते. कारण साधं आहे: रुग्ण पाठीवर निजलेला असतो, उजव्या वाहिनीचं तोंड पुढच्या बाजूला म्हणजे त्या वेळी सर्वांत वर असतं आणि बुडबुडा वरच चढतो. हवेचा हा त्रास बहुतेक वेळा काही मिनिटांत निवळतो. अन्ननलिकेतून केलेल्या सोनोग्राफीवर तो दिसतो आणि रक्तदाब चढता ठेवून हवा पुढे ढकलता येते.

मायट्रलच्या टाक्याचं तसं नाही. कड्यात टाका उथळ घेतला तर झडप पुढे सैल होऊन बाजूने गळू लागते. खोल घेतला तर सुईचं वळण मागच्या फांदीपर्यंत पोचू शकतं. टाका फांदीच्या आरपार जायलाच हवा असंही नाही. शेजारची ऊती ओढली गेली, फांदीला पीळ पडला, तरी रक्त अडतं. सर्जनला वाहिनी आतून दिसत नाही. तो कड्याच्या ओळखीच्या खुणांवर आणि हाताच्या सवयीवर टाके घेत असतो. म्हणूनच ऑपरेशननंतर हृदयाच्या एका भिंतीची हालचाल अचानक मंदावली, ठोके बिघडले किंवा हार्ट-लंग मशीनवरून रुग्ण उतरेना, तर कुशल टीम पहिला संशय याच फांदीवर घेते.

मात्र हा संशय सिद्ध करणं अवघड असतं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन कोणत्याही हृदयशस्त्रक्रियेनंतर वाढतंच. हृदयाच्या आवरणाला सूज येते आणि ईसीजीच्या रेषा वर उचलल्या जातात. महाधमनीच्या झडपेला लागून हृदयाची विद्युतवाहिनी जाते. तिला धक्का लागला तर ईसीजी इतका बदलतो की झटक्याची खूण त्यात हरवून जाते. रुग्ण गुंगीत असतो, छाती दुखते हे तो सांगूही शकत नाही. त्यामुळे ट्रोपोनिन किती चढलं, ईसीजीत नवा बदल कधी आला आणि भिंत हलते की नाही, हे तिन्ही एकत्र पाहूनच पुन्हा अँजिओग्राफी करायची की छाती परत उघडायची हे ठरतं.

पहिले सहा महिने

टाचणीएवढ्या जागेला नळीचं टोक लागलं, आतला पातळ पापुद्रा खरचटला, तर शरीर तो भरून काढतं. कधीकधी ते गरजेपेक्षा जास्त भरतं. तिथे तंतुमय ऊती वाढते आणि कोरोनरीचं तोंड हळूहळू अरुंद होतं. पुढची सगळी वाहिनी मात्र आतून स्वच्छ असते. १९६० च्या दशकात झडप बदलण्याची ऑपरेशनं सुरू झाली आणि काही वर्षांतच हा प्रकार नोंदला गेला. जुन्या नोंदींत महाधमनीची झडप बदललेल्यांत त्याचं प्रमाण १ ते ५ टक्के दिलेलं आढळतं. आता नळ्यांची टोकं मऊ आहेत, द्रावण हृदयाच्या मागच्या शिरेतून उलट्या दिशेनेही देता येतं, त्यामुळे धोका घटला आहे. पण त्याचं वेळापत्रक तेच राहिलं आहे: पहिल्या महिन्यापासून साधारण सहाव्या महिन्यापर्यंत.

नेमकी हीच मुदत खानदेशातल्या रुग्णाला अडचणीची असते. यावल, चोपडा, शिरपूर, शिंदखेड्याचा माणूस ऑपरेशनसाठी नाशिक, संभाजीनगर, मुंबई किंवा सुरतेला जातो आणि बरा होतो गावात. मधल्या महिन्यांत त्याला पाहतात ते तालुक्याचे डॉक्टर, आणि छातीच्या दुखण्याला एक सोपं कारण समोर दिसतच असतं: उरोस्थी कापून तारेने बांधलेली. हे हाड खरोखरच दोन-तीन महिने दुखतं. फरक कळायला यंत्र लागत नाही. हाडाचं दुखणं खोकल्यावर, कूस बदलताना, हात वर करताना, दाबल्यावर वाढतं. कोरोनरीचं दुखणं चालल्यावर, जिना चढल्यावर, भरपेट जेवून उठल्यावर येतं आणि थांबलं की उतरतं. बायकांत आणि मधुमेह्यांत ते दुखणं म्हणून न येता नुसती धाप किंवा गळून गेल्यासारखा थकवा म्हणूनही येतं. ऑपरेशननंतर महिन्याभरात कमी झालेली धाप तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत वाढू लागली, तर ‘अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या’ हे उत्तर पुरेसं नाही.

याला आणखी एक गुंता आहे. बसल्या जागी काढलेला ईसीजी निर्दोष येऊ शकतो. अँजिओग्राफीतही वाहिनीचं तोंडच अरुंद असेल तर ते नजरेतून सुटू शकतं, कारण रंगद्रव्य सोडणारी नळी त्याच तोंडातून आत घातलेली असते आणि चित्र दिसतं ते पुढच्या चांगल्या भागाचं. अनुभवी डॉक्टर तेव्हा पडद्याइतकंच दाबाच्या आलेखाकडेही पाहतात. नळी तोंडात शिरताच आलेख बसला, तर तिथे जागा नाही हे कळतं. म्हणून ‘रुग्णाची महाधमनीची झडप अमुक महिन्यात बदलली आहे’ ही माहिती अँजिओग्राफी करणाऱ्याला आधी मिळायला हवी. ती त्याला मिळाली तर तो तोंडापासून पाहायला सुरुवात करतो. उपाय आहेत: स्टेंट किंवा बायपास. डाव्या मुख्य वाहिनीचं तोंड बंद होत आलेलं असताना उशीर मात्र परवडत नाही.

> चौकट: फाइलमध्ये काय शोधावं
> कोणती झडप बदलली, धातूची की प्राण्याच्या ऊतीची, तिचं माप, ऑपरेशनची तारीख आणि आधीची अँजिओग्राफी झाली होती की नाही. शेवटची गोष्ट गृहीत धरू नये. ऑपरेशनपूर्वी ही तपासणी सहसा चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांत, पाळी गेलेल्या स्त्रियांत आणि मधुमेह-रक्तदाबासारखा धोका असलेल्यांत करतात. संधिवाताच्या तापामुळे पंचविशीत मायट्रल बदललेल्या मुलीची ती झालेलीच नसेल.

पुढची वर्षं: गोळी, भरीत आणि वय

धातूची झडप टिकते भरपूर, पण तिच्यावर रक्त गोठायला बघतं. आपल्याकडे ती अनेकांना परवडू लागली त्यात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेचा मोठा वाटा आहे. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने तिथे तयार झालेली, कोबाल्ट-क्रोमियमच्या पिंजऱ्यात प्लॅस्टिकची चकती कलती राहणारी झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. अशी कोणतीही धातूची झडप असली तरी रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआर या तपासणीचा आकडा ठरलेल्या पट्ट्यात ठेवावा लागतो. महाधमनीच्या झडपेला साधारण २ ते ३, मायट्रलला २.५ ते ३.५. गोळी सुटली तर चकतीवर गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून बहुधा मेंदूत जातो, पण कोरोनरीची तोंडं अगदी जवळ असल्याने तिथेही शिरू शकतो. स्वच्छ वाहिनीत एका क्षणात झटका येतो तो असा.

ही गोळी के जीवनसत्त्वाच्या विरोधात काम करते आणि हे जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असतं. खानदेशात हिवाळा आला की भरताच्या पार्ट्या सुरू होतात. वांग्याने काही बिघडत नाही. पण भरतात मुठीमुठीने पडणारी कांद्याची पात, सोबत कोथिंबीर, शिवाय घरोघरी मेथी, हे सगळं एकदम वाढलं की आयएनआर खाली येऊ शकतो. यावरून ‘हिरवी भाजी बंद’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. पानं पूर्ण सोडलेल्या माणसाला गोळीचा डोस कमी पुरतो. मग एका पार्टीचाही त्याच्यावर मोठा परिणाम होतो. रोज थोडी, सारखी भाजी खाणाऱ्याचा आकडा जास्त स्थिर राहतो. जळगावात हमखास विचारलं जातं ते केळ्याचं. केळ्यात के जीवनसत्त्व नगण्य असतं, त्यामुळे या गोळीशी त्याचं वैर नाही. त्यात पोटॅशियम असतं, आणि हृदयाच्या काही इतर गोळ्या शरीरात पोटॅशियम वाढवतात. तो हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारावा.

झडपेवर जंतुसंसर्ग झाला तर तिथलं गळू कोरोनरीवर दाब आणू शकतं. दुखरा दात आणि दीर्घ ताप अंगावर काढू नये तो यासाठी. आणि शेवटी वय आहेच. तिशीत झडप बदललेला माणूस साठीला पोचतो, मधुमेह जडतो, तंबाखू सुटलेली नसते. त्याच्या कोरोनरीत आता साधी, सर्वांना होते तशी चरबी साचते. तीस वर्षांपूर्वीची साफ अँजिओग्राफी इथे काहीच सांगत नाही.

छाती न उघडता बसवलेली झडप

मांडीतल्या रक्तवाहिनीतून नेऊन बसवायची झडप, म्हणजे तावी, फ्रान्समधल्या रुआँ इथे अ‍ॅलाँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा बसवली. यात जुनी झडप कापून काढत नाहीत. नवी जाळीदार झडप तिच्या आत फुलवतात. जुन्या पाकळ्या बाजूला रेटल्या जातात, आणि कोरोनरीचं तोंड खाली असेल व मागचा खिसा उथळ असेल तर पाकळीच तोंडावर झाकणासारखी बसते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६,६८८ रुग्णांच्या नोंदींत हे ४४ जणांत घडलेलं आढळलं, शंभरात एकापेक्षाही कमी. पण त्या ४४ जणांतले सुमारे ४१ टक्के लोक महिन्याभरात दगावले. त्यांत स्त्रिया फार जास्त होत्या, कारण त्यांच्या महाधमनीचं मूळ लहान असतं. म्हणून तावीच्या आधी सीटी स्कॅनवर तोंडांची उंची मिलिमीटरमध्ये मोजतात. या झडपेची जाळी उंच असेल तर पुढे कधी स्टेंट घालायची वेळ आली तेव्हा जाळीच्या फटीतून कोरोनरीचं तोंड गाठावं लागतं. ऐंशीच्या माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. साठीच्या माणसाने मात्र ‘टाके नकोत’ म्हणून ती मागताना हे विचारून घ्यावं.

इतकं क्वचित घडतं, मग घाबरवायचं कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. धोक्यांची यादी वाचून कोणी ऑपरेशन टाळलं तर लेखाने अपायच केला. तेव्हा दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगायला हवं. उघड्या ऑपरेशनला योग्य नसलेल्या, महाधमनीची झडप अतिशय अरुंद झालेल्या रुग्णांवरची पार्टनर चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तावी न केलेल्यांतले ५०.७ टक्के वर्षभरात गेले; तावी केलेल्यांतले ३०.७ टक्के. या दुसऱ्या आकड्यात तावी करताना झालेल्या घोटाळ्यांतले मृत्यूही मोजलेले आहेत. झडप बदलण्यातला धोका न बदलण्यातल्या धोक्यापेक्षा लहान असतो, म्हणूनच ती बदलायला सांगतात. लहान धोक्याची माहिती असणं हे ऑपरेशन टाळायचं कारण होत नाही. ऑपरेशननंतर कशावर लक्ष ठेवायचं, ते या माहितीवरून ठरतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: मग सगळ्यांचीच सहा महिन्यांनी अँजिओग्राफी का करत नाहीत? कारण त्या तपासणीलाही किंमत आहे. धमनीला इजा, मूत्रपिंडावर रंगद्रव्याचा भार, आणि धातूची झडप असेल तर पातळ रक्ताचा प्रश्न. त्रास नसलेल्या शंभर जणांना हे सोसायला लावून दोघा-तिघांचा दोष सापडणार असेल, तर त्रास असलेल्यांना वेळेत ओळखणं जास्त शहाणपणाचं.

तिसरा आक्षेप अंतराचा. तालुक्याच्या दवाखान्यातून हे सगळं कसं ओळखणार? इथे परिस्थिती पूर्वीसारखी नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होता. जळगाव नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या राज्याबरोबर आला. आता ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि झडप बदलणं तिच्यात बसतं. सुरुवातीच्या यादीत ९७१ उपचारांच्या जोडीला १२१ फेरतपासणीची पॅकेजेसही होती. म्हणजे घरी सोडल्यावर उपचार संपत नाही, हे शासनाच्या कागदावरही मान्य आहे. अडतं ते डिस्चार्ज कार्डावर. त्यावर औषधांची नावं आणि ‘दर महिन्याला आयएनआर’ एवढंच असतं. द्रावण थेट कोरोनरीच्या तोंडातून दिलं होतं का, कोरोनरीची ठेवण डावीकडे झुकलेली आहे का, टाके घेताना काही शंका आली होती का, हे ऑपरेशनच्या टिपणात असू शकतं, पण ते टिपण रुग्णालयाच्या कपाटात राहतं. त्याची प्रत मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. ती प्रत फाइलला लावलेली असेल, तर चोपड्याच्या डॉक्टरला चौथ्या महिन्यातली धाप पाहून फोन कोणाला करायचा आणि काय विचारायचं, हे दोन्ही कळतं.